समुद्र कुणाच्या बापाचा?



माथेरानच्या माणसाला पाहुणा होण्याची सवय नसते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले, तेव्हापासून आपल्या गावाचा उद्योग एकच: आलेल्याला सांभाळणे. (मॅलेट साहेबांनी माथेरान ‘शोधले’ असे पुस्तकात छापलेले असते. इथले ठाकर आणि कातकरी त्याआधी कुठे हरवले होते, हे मात्र त्यात नसते.) १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांची छोटी गाडी नेरळहून वर आली आणि पाहुण्यांचा ओघ वाढला. आज आपल्यापैकी कोणी घोडा धरतो, कोणी लॉजवर आहे, कोणी चिक्की विकतो, कोणी सामान वाहतो. शनिवार-रविवार हा इतरांच्या सुट्टीचा आणि आपल्या कामाचा दिवस. मिस्साला काही बाके रिकामी का असतात, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यावर आज बोलणार नाही.

म्हणूनच थंडी संपता संपता, आठवड्याच्या मधल्या दिवशी, आपल्या युवकांची सहल मुरुडला न्यायची ठरली, तेव्हा आम्हांला वेगळेच कुतूहल होते. ही मुले पाहुणी म्हणून कशी वागतील?

पहाटे अंधारात दस्तुरीपर्यंत चालत गेलो, तिथून टॅक्सीने नेरळ, आणि नेरळहून भाड्याच्या बसने कर्जत, खोपोली, पेण, अलिबाग करत पुढे. रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला थोडे थांबलो. तिथल्या कार्मेल मातेच्या चर्चमध्ये प्रार्थना केली. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी तिथले आपले ख्रिस्ती बांधव घरात अजून पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली स्वतःची बोली बोलतात. आपल्या मुलांना ती ऐकून गंमत वाटली. मग काशीदचे सुरूचे बन मागे टाकून मुरुड गाठले.

मुरुडचा किनारा पाहिला नसेल त्यांना सांगतो. एका बाजूला गाव, नारळी-सुपारीच्या वाड्या, आणि त्यांना लागूनच लांबलचक रुंद वाळू. ओहोटीला पाणी इतके मागे जाते की क्रिकेटच्या दोन मॅच शेजारी-शेजारी खेळता येतील. आपल्या मुलांनी बूट काढून ओळीने ठेवले. सगळ्या बुटांना आपली लाल माती. कुठून आलो, हे सांगायची गरजच नव्हती.

दिवस पौर्णिमेचा होता. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक सोपा हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे अकरा-बाराच्या सुमाराला भरती, आणि साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दोन्हींच्या मधल्या वेळी पाणी सर्वांत जोराने परत फिरते, आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्याने तो जोर आणखी वाढतो. हा हिशोब आम्हांला आता माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हता. जेवण झाले, वनभोजनाची भांडी आवरली आणि अडीच-तीनच्या सुमाराला, म्हणजे नेमक्या नको त्या वेळी, आपली पाच-सहा मुले पाण्याकडे निघाली.

होडीच्या सावलीत एक म्हातारे कोळीबाबा जाळे दुरुस्त करत बसले होते. त्यांनी हाक मारली, “पोरांनो, तिकडं नका जाऊ. पाणी आत वढतंय. उतरायचंच तर इकडं, घोट्यापर्यंत.”

मुले ज्या जागेकडे चालली होती ती जागा आम्हीही पाहिली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, फेस उसळत होता, आणि मध्ये एक पट्टा अगदी शांत होता. कोणीही शहाणा माणूस तीच जागा निवडेल. किनाऱ्यावर चढलेले पाणी परत समुद्रात जायला वाट शोधते, ती वाट जिथे खोलगट असते तिथे लाटा फुटत नाहीत, आणि तिथूनच पाणी नदीसारखे बाहेर धावते. म्हणजे जी जागा शांत दिसते तीच ओढणारी असते. डोंगरातल्या माणसाला हे डोळ्यांनी पाहून कळणे शक्य नाही. ते कोणीतरी सांगावेच लागते.

सांगणारा तिथेच बसला होता, सांगतही होता. त्यावर आपल्यातल्या एका मुलाने जे उत्तर दिले ते आम्ही जसेच्या तसे लिहितो, कारण हा लेख त्या एका वाक्यामुळेच लिहिला आहे. तो मित्रांना म्हणाला, “समुद्र काय याच्या बापाचा आहे? याला आपल्याला बोटीत बसवायचं असेल, म्हणून घाबरवतोय.”

पाच मिनिटांत तो मुलगा गळ्याएवढ्या पाण्यात होता आणि त्याचे पाय सुटले होते. किनाऱ्याकडे हात मारत होता आणि मागे मागे जात होता. कोळीबाबांचा पुतण्या दोरी बांधलेला रबरी ट्यूब घेऊन पाण्यात शिरला. त्याने मुलाला सरळ किनाऱ्याकडे न ओढता आधी बाजूला, किनाऱ्याला समांतर नेले, आणि ओढ संपली तिथून बाहेर काढले. पंधरा मिनिटांचा खेळ. मुलगा ओकला, रडला, मग गप्प बसला. आम्ही वाळूत गुडघे टेकले, ते प्रार्थनेसाठी की पाय गळाले म्हणून, हे आजही नक्की सांगता येणार नाही.

याच किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १४ घरे. आपल्या बाबतीत असे का झाले नाही, याचे कारण आपला पुण्यसंचय नव्हे. एक तरुण त्या वेळी किनाऱ्यावर होता, एवढेच.

आता त्या वाक्याकडे वळू. समुद्र कुणाच्या बापाचा?

मुलाचा प्रश्न उद्धट होता, पण खोटा नव्हता. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा याच प्रश्नावर पाने भरली होती. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात रोमन कायदा ग्रंथबद्ध करवून घेतला. त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी सर्वांच्या समाईक मानल्या आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या एका प्रकरणात हाच धागा धरून सांगितले की अशा गोष्टींची सरकारही मालक नसते, विश्वस्त असते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ मध्ये त्याच्या पुढची पायरी मांडली. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसे एकमेकांपासून दूर दूर किती जाणार? म्हणून परक्या ठिकाणी जाऊन उभे राहण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. मात्र तो भेट देण्याचा हक्क. पाहुणचार मागण्याचा हक्क वेगळा, आणि तो आपोआप मिळत नाही.

तेव्हा कायद्याने मुलगा बरोबर. समुद्र त्या बाबांच्या बापाचा नाही. आपला पॅनोरमा पॉइंटही आपल्या बापाचा नाही, आणि हे वाक्य आपण पाहुण्यांकडून कितीदा ऐकतो! कड्याच्या टोकाशी फोटो काढणाऱ्याला आपला घोडेवाला म्हणतो, “साहेब, मागे या, दगड सुटा आहे.” साहेब म्हणतात, “डोंगर तुझा आहे का?”

पण समाईक असते ती वस्तू. तिची माहिती समाईक नसते. पाणी कुठे ओढते हे त्या बाबांना त्यांच्या बापाने शिकवले, त्यांच्या बापाला त्याच्या बापाने, आणि या शिकवणीची फी त्या वस्तीने माणसे गमावून भरलेली आहे. या अर्थाने विचाराल तर तो पट्टा खरोखरच त्यांच्या बापाचा आहे. आपल्या कड्यावरचा सुटा दगडही याच अर्थाने आपला.

“माझा जीव, माझी मर्जी” असे हल्ली तरुण म्हणतात. आम्ही या म्हणण्याचा एकदम धिक्कार करणार नाही. स्वतःच्या जबाबदारीवर धोका पत्करण्याचे स्वातंत्र्य माणसाला काही प्रमाणात असावे. कोळी रोजच धोका पत्करतो. पण किनाऱ्यावर हा युक्तिवाद टिकत नाही, कारण बुडणाऱ्याला पाहून कोणीतरी पाण्यात शिरणारच. त्या पुतण्याची मर्जी कोणी विचारली होती? आपण आपला जीव पणाला लावतो तेव्हा शेजारच्या चांगल्या माणसाचाही जीव पणाला लावतो. वाईट माणूस किनाऱ्यावर उभा राहील, त्याला काही धोका नाही. आपल्या मर्जीची किंमत चांगल्या माणसाकडूनच वसूल होते.

इथपर्यंत दोष मुलाचा. पण वाक्याचा दुसरा भाग आम्हांला त्या रात्री झोपू देईना. “बोटीत बसवायचं असेल, म्हणून घाबरवतोय.” हे तो कुठे शिकला?

बंधू-भगिनींनो, हे तो आपल्याकडे शिकला. दस्तुरीवर. “पॉइंट फार लांब आहे, चालणं जमणार नाही.” “गाडी आज बंद आहे.” “पोरं थकतील, घोडाच घ्या.” सगळेच असे बोलत नाहीत, पुष्कळ जण नाकासमोर चालणारे आहेत, हे आम्ही जाणतो. पण पर्यटकांची दिशाभूल होते या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये आपल्याच गावाने बंद पाळला, तो काही उगाच नाही. पोटाचा प्रश्न आहे हे खरे. पावसाळ्यात चार महिने धंदा बसतो, घोड्याला मात्र रोज खायला लागते. ज्याच्या घरी बांधीव पगार येतो त्याने या माणसावर प्रवचन झोडू नये, आणि त्यात आम्हीही आलो.

तरीही विचार करा. संत थॉमस अक्वायनस म्हणतो की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणार नसतील तर ती एकत्र राहूच शकणार नाहीत. आम्ही हे वाक्य परीक्षेसाठी पाठ केले होते, ते मुरुडच्या वाळूत समजले. दोनशे रुपयांसाठी सांगितलेले एक खोटे फक्त त्या पाहुण्याचे दोनशे रुपये नेत नाही. ते सगळ्या स्थानिक माणसांच्या शब्दाची किंमत उतरवते. तो पाहुणा उद्या कड्यावर उभा राहील, दुसरा कोणी प्रामाणिक घोडेवाला ओरडेल, आणि पाहुणा हसून म्हणेल, याला काहीतरी विकायचे असेल. खोटे बोलणारा आणि मरणारा यांची कधी गाठही पडणार नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात ते खोटे येणार नाही. कबुलीजबाबातही ते फारसे येत नाही. तिथे मोठी पापे येतात. हे लहान म्हणून राहून जाते.

अविश्वास हा अनुभवातून येतो, म्हणून तो शहाणपणासारखा दिसतो. आपल्या मुलाला वाटले आपण फसलो नाही, चतुर ठरलो. त्या बाबांना काहीच विकायचे नव्हते, ही शक्यता त्याच्या मनात आली नाही. ती यायला तसे बोलणारी माणसे लहानपणापासून आजूबाजूला दिसावी लागतात.

संध्याकाळी निघण्यापूर्वी आम्ही त्याला घेऊन होडीपाशी गेलो. पुतण्याला पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. पोरांसाठी आणलेली चिक्कीची दोन पाकिटे मात्र घेतली. मुलाने बाबांची माफी मागितली, खाली मान घालून, अर्धवट. बाबांनी त्यावर काही म्हटले नाही. जाळ्यातून डोके वर न काढता त्यांनी विचारले, “कुठले रे तुम्ही?” माथेरान म्हटल्यावर म्हणाले, “ऐकलंय. म्हातारीला एकदा दाखवायचं म्हणतो. पण तिचे गुडघे गेलेत. गाडी सोडते तिथनं लई चालायचं असतं ना?”

मुलाच्या घरी तीन घोडे आहेत. तो क्षणभर थांबला.

“अडीच-तीन किलोमीटर,” तो म्हणाला. “पण सपाट आहे, बाबा. सावली आहे. मध्ये बसत बसत आलात तर आजी येतील. आणि अमन लॉजवरून छोटी गाडीपण सुटते, तिची वेळ आधी विचारून या.”