इवल्या जिवाचे हित

माउली, बाळाला आईच्या पोटात सुमारे 40 आठवडे लागतात. पण एखादे लेकरू सहाव्या महिन्यातच बाहेर येते. वजन जेमतेम अर्धा किलो, कातडी पातळ, फुप्फुसे कच्ची. पूर्वी असे बाळ वाचतच नसे. आता बाळंतपणाआधी आईला दिलेली इंजेक्शने, बाळाच्या श्वासनलिकेत सोडलेले औषध आणि व्हेंटिलेटर यांच्या बळावर काही वाचतात. काहींच्या मेंदूत मात्र रक्तस्राव होतो. मग डॉक्टर आईबापांना विचारतात : पुढे काय करायचे?

अशा वेळी ‘देवाची इच्छा’ म्हणून आपण मोकळे होतो. पण यंत्र लावणे ही माणसाची कृती, आणि काढणे हीसुद्धा. विवेक देवानेच दिला आहे. तो वापरण्याचे ओझे देवावर कसे टाकायचे?

ब्रिटनमधील नफिल्ड कौन्सिल या विचारमंडळाने 2006 साली आठवड्यांनुसार मार्ग सुचवला : 22 आठवड्यांआधी यंत्रे लावू नयेत, 25 आठवडे भरले की लावावीत, आणि 23व्या आठवड्यात आईबापांच्या इच्छेला अग्रक्रम द्यावा. 2019 साली तिथल्या नवजात बाळांच्या डॉक्टरांनी म्हटले, नुसते आठवडे मोजू नका. बाळाचे वजन, आईला वेळेत मिळालेले औषध, जन्म कुठे झाला, हे सारे पाहून ठरवा. म्हणजे मोजमाप बदलते. प्रश्न मात्र एकच राहतो : या लेकराचे हित कशात आहे?

इथे मन दोन्हीकडून फसवते. ‘माझे बाळ मला हवेच’ म्हणून वेदना लांबवणे, हा मोह. ‘मुलगीच तर आहे’, ‘पांगळी निघेल’ म्हणून हात काढून घेणे, हाही मोहच. त्यात स्वतःची सोय लपलेली असते. पांगळा जीवही विठ्ठलाचाच. पण उपचाराने फक्त मरण लांबत असेल आणि यातना वाढत असतील, तर थांबणे म्हणजे टाकून देणे नव्हे. यंत्र थांबते, सेवा थांबत नाही. वेदना शमवणारे औषध, ऊब आणि आईची कूस शेवटच्या श्वासापर्यंत त्या बाळाच्या हक्काची आहे.

आणि माउली, असे घर आपल्या शेजारी असेल तर त्या आईला प्रारब्ध सांगू नका, ‘अजून थोडे थांबायला हवे होते’ असेही म्हणू नका. तिने जे ठरवले ते लेकराकडे पाहून ठरवले. तिच्या घरी डबा पोचवा आणि तिच्याजवळ गप्प बसा. तेवढ्या वेळेपुरते तेच नामस्मरण.

रामकृष्ण हरी.