रोपाला काय देऊ नये

रोपवाटिकेत नव्यानं शिरणाऱ्याच्या डोळ्यांत पहिला भरतो तो हिरवेपणा, आणि तिथंच त्याची नजर फसते. उंच, लुसलुशीत, गर्द पानांची रोपं त्याला आवडतात. जाणत्या माळ्याच्या कपाळावर त्याच ट्रेपुढं आठ्या पडतात. त्याला हवं असतं ते वीतभरही न वाढलेलं, जाड खोडाचं, पेरं जवळजवळ असलेलं रोप. हात फिरवला तर वाकून पुन्हा ताठ उभं राहणारं.

हरितगृह बांधलं जातं रोपाला जपण्यासाठी. अतिनील किरणांनी न कुजणारा प्लॅस्टिक कागद, बाजूंना बारीक विणीची कीडरोधक जाळी, दोन दारांच्या मधली मोकळी जागा, वर गरजेपुरतं ओढायचं शेडनेट: हा सगळा सरंजाम रोपाचे शत्रू बाहेर ठेवतो. पण निरोगी रोप घडतं ते या जपणुकीत हात कुठं आखडता घ्यायचा हे कळल्यावर. मला हा विषय मोलाचा वाटतो तो यासाठीच.

जपणुकीची ही कला फार जुनी आहे. रोमचा सम्राट टायबेरियस याला काकडीचं अतोनात वेड होतं. त्याचे माळी चाकांवर बसवलेल्या वाफ्यांत काकडीचे वेल वाढवत, थंडीत ते वाफे पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली नेत आणि ऊन पडलं की बाहेर ढकलत, असं पहिल्या शतकातल्या प्लिनीनं नोंदवलं आहे. त्या तावदानांइतकंच मला त्या चाकांचं कौतुक वाटतं. आसरा देणाऱ्यानं आसऱ्यातून बाहेर नेण्याची सोयही आधीच करून ठेवली होती.

आपल्याकडे नारायणगाव-जुन्नर आणि पिंपळगाव-निफाडच्या टोमॅटोपट्ट्यात आता गादीवाफ्याची जागा प्लॅस्टिकच्या ट्रेनं घेतली आहे. एका ट्रेत 98 किंवा 104 कप्पे, कप्प्यात धुऊन क्षार काढलेलं कोकोपीट, आणि त्यात एकच बी. संकरित बियाणं महाग, त्यामुळं प्रत्येक कप्पा मोलाचा. कप्प्याच्या तळाला भोक असतं. मुळाचं टोक तिथवर आलं की हवेत सुकतं, आणि मागून बारीक मुळ्यांचा झुबका फुटतो. मात्र त्यासाठी ट्रे जमिनीपासून उचलून, तारांवर किंवा मांडवावर ठेवावा लागतो. जमिनीवर टेकलेल्या ट्रेतून मुळं खालच्या मातीत शिरतात आणि उचलताना तुटतात. एवढ्याशा पोकळीवर सगळ्या मुळांची घडण अवलंबून असते.

पाण्याचंही तसंच. मर रोगाची पिथियम बुरशी ओल्या माध्यमातल्या पाण्यातून अक्षरशः पोहत पसरते. संध्याकाळी मायेनं दिलेलं पाणी रात्रभर पानांवर आणि खोडाच्या बुडाशी राहतं. सकाळी रोप मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडलेलं दिसतं. ही बुरशी मारते ती कोवळ्या पेशींना. खोड निबर झालं की तिचं फारसं चालत नाही. म्हणून पाणी सकाळी द्यावं, वरचा थर सुकू द्यावा आणि कडेच्या कप्प्यांकडे वेगळं लक्ष ठेवावं, कारण ते आधी वाळतात. पाण्याची झारी कोणाच्या हाती द्यायची, हा रोपवाटिकेतला सर्वांत मोठा निर्णय आहे असं माझं मत आहे.

मातीतल्या रोगांचा विषय निघाला की कोकण-मावळातला राब आठवल्याशिवाय राहत नाही. भाताचा तरवा टाकण्याआधी जमिनीवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून ती भाजायची ही जुनी रीत. ब्रिटिश जंगलखात्याला त्यात झाडांची नासाडी दिसली आणि त्यावरून बरेच वाद झाले. फांद्या तोडल्यानं जंगलाचं नुकसान होतं हे खरं. पण बी पडण्याआधी मातीतलं तण आणि रोग उष्णतेनं मारायचे, हा त्यामागचा विचार पक्का होता. 1976 साली इस्रायलच्या काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून नुसत्या उन्हानं तेच काम साधता येतं हे दाखवलं. गादीवाफा करणाऱ्यानं उन्हाळ्यात हा उपाय जरूर करावा.

आता उजेड. 1952 साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर केलेला प्रयोग वनस्पतिशास्त्रातल्या सुंदर प्रयोगांपैकी एक आहे. बीला लाल प्रकाश दाखवला की ते रुजतं, लगेच लालच्या पलीकडचा अतिलाल दाखवला की रुजणं थांबतं, पुन्हा लाल दाखवला की पुन्हा सुरू होतं. शेवटचा प्रकाश कोणता, त्यावर सारं ठरतं. हीच जाणीव रोपातही असते. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अतिलाल परतवतं. शेजारच्या पानांवरून आलेला तो प्रकाश ओळखून रोप, अजून सावली पडलेलीही नसताना, उंच धावू लागतं. दाटीतली रोपं लांबट होतात ती अशी. त्यावर शेडनेट दिवसभर ओढून ठेवलं, तर आपणच त्यांना आणखी धावायला लावतो.

हरितगृहात आणखी एक गोष्ट नसते: वारा. मॉर्डेकाय जॅफी यांनी 1973 साली दाखवलं, की नुसतं रोज चोळल्यानं, हलवल्यानं रोपांची उंची आटोक्यात राहते आणि खोड जाड होतं. जपानी शेतकरी हिवाळ्यात गव्हाची कोवळी रोपं पायांनी तुडवत आले आहेत, त्यालाही अशाच अनुभवाचा आधार असणार. ट्रेवरून दिवसातून थोडा वेळ काठी किंवा हात अलगद फिरवणं ही बिनखर्चाची गोष्ट आहे. फक्त पानं कोरडी असावीत, नाहीतर हातानं रोगच पसरतो.

या साऱ्याला आज एक आडवाट निघाली आहे. वाढरोधक औषध फवारलं की लांबट होऊ पाहणारं रोपही बुटकं, गर्द दिसतं. गिऱ्हाईक उशिरा आलं तरी माल खपतो. मला हे मान्य नाही. बुटकेपणा ही कणखरपणाची खूण होती. औषधानं खूण तेवढी उमटते, आणि जादा मात्रा झाली तर शेतात गेल्यावरही रोप खुंटून बसतं. पाणी, उजेड, वारा यांतून कमावलेला कणखरपणा वेगळा. लावणीच्या आठवडाभर आधी पाणी तोडत न्यायचं, सावली काढायची, जाळी मात्र ठेवायची. पानांवरचा मेणाचा थर जाड होतो, रोपात साखर साठते, आणि शेतातलं पहिलं ऊन त्याला सोसतं.

जाळी ठेवायची, कारण पांढरी माशी. तिनं रोपवाटिकेत पाजलेला विषाणू तिथं दिसतच नाही. पानं चुरगळतात ती लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, आणि तोवर दोष शेताच्या माथी बसलेला असतो.

तेव्हा रोपं घ्यायला जाल तर उंची बघू नका. एक रोप कप्प्यातून अलगद काढा. गड्डा न फुटता बाहेर यावा, मुळं पांढरी असावीत. पानं उलटून बघा. टोमॅटोचं रोप साधारण 25 दिवसांचं, मिरचीचं 35 ते 40 दिवसांचं घ्या. आणि शेताची तयारी झाल्याशिवाय रोपं उचलू नका.