मेणचट कवचाची ओळख

क्षयाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर थुंकीच्या काचपट्टीला खालून ऊब देत लाल रंग मुरवण्याची रूढ रीत आहे. एकदा मुरला की आम्लाने धुतले तरी तो सुटत नाही. हा चिवटपणा जंतूच्या मेणचट कवचाचा, त्यातल्या मायकोलिक आम्लांच्या साठ ते नव्वद कार्बनच्या लांबलचक साखळ्यांचा.

प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी जंतूंच्या फक्त प्रथिनांचे तुकडे ओळखतात, असे दीर्घकाळ मानले गेले. १९९४ मध्ये बोस्टनच्या मायकेल ब्रेनर यांच्या गटाने दाखवले की सीडी१बी नावाचे प्रथिन हे मायकोलिक आम्लही त्यांच्यापुढे धरते. मला त्याच्या आधीची पायरी अधिक विलक्षण वाटते. तुपकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही. मग पेशीतल्या पाणथळ जागेत हा मेद पटलातून सुटून सीडी१बीच्या खोल खोबणीत पोचतो कसा?

ते काम सॅपोसिन करतात. एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे होऊन ही चार छोटी प्रथिने तयार होतात. लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या पिशवीतल्या आम्लात ती पटलाला भिडतात, मेदाचा रेणू सैल करतात आणि पुढे सोपवतात. २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी सॅपोसिन नसलेल्या मानवी पेशींत सीडी१बी घातले. खोबणी होती, मेद होता, तरी टी-पेशी ढिम्म. सॅपोसिन-सी परत दिल्यावर त्या जाग्या झाल्या.

हे सॅपोसिन मुळात पेशीच्या पचनातले मदतनीस. जुनी पटले मोडणाऱ्या विकरांना ते हात देतात. सॅपोसिन-सी नसेल तर पेशींत मेद साठत जाणारा, गोशे रोगासारखा आजार होतो. प्रतिकारशक्तीबद्दल आपण सतत सैन्याच्या भाषेत बोलतो, आणि त्या भाषेत या मोडतोडीच्या, वाहतुकीच्या कामाला जागाच उरत नाही. शत्रू ओळखण्याची क्षमता इथे रोजच्या पचनावर उभी आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

जगातले सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्या दारातला आहे. प्रथिनांचे तुकडे धरणारे रेणू माणसागणिक बदलतात. सीडी१बी ज्या सीडी१ कुळातले, ती प्रथिने मात्र जवळपास सगळ्यांत सारखी. मेदावर आधारलेली लस बहुतेकांना लागू पडेल, ही आशा त्यामुळेच. पण अशा लसीतला मेद सॅपोसिनच्या हाती लागेल अशा रूपात पेशीत शिरायला हवा. शिवाय उंदरांत सीडी१बी नाहीच. गिनिपिगमध्ये त्या जातीची प्रथिने आहेत. म्हणून चाचण्यांची सुरुवात तिथून करता येते.