चहाच्या पुडीची सिगारेट

हजेरी नंतर. दार लाव रे कुणीतरी. मागच्या बाकावरचा तो मोबाइल दप्तरात जाऊ दे. बसा.

काल गॅदरिंगमध्ये तुमची ती एकांकिका झाली. तिला एकांकिका म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण पत्रिकेत तसं छापलं होतं. बड्या नटाचा पोरगा, बोट, डोळ्यांवर गॉगल, हातात चहाची पूड भरलेली कागदाची सिगारेट. पोरगा झोकांड्या देतो, साहेब येऊन त्याची गचांडी धरतो, आणि सगळा हॉल 'गांजाडी, गांजाडी' म्हणून ओरडतो. पहिल्या रांगेतले पाहुणेही हसले. एकाच्या तोंडातली तंबाखू हसता हसता शर्टावर सांडली. ती पुसून तेच पुढं व्यसनमुक्तीवर वीस मिनिटं बोलले.

मी हसलो नाही. का, ते ऐका. मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही.

ज्याची नक्कल केलीत, त्याचं पुढं काय झालं ते कुणाला माहीत आहे? हात वर करा. एकही नाही. मग मीच सांगतो. २ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईत त्या बोटीवर धाड पडली. दुसऱ्या दिवशी आर्यन खानला अटक झाली. २८ तारखेला हायकोर्टानं जामीन दिला, ३० तारखेला तो आर्थर रोड तुरुंगातून बाहेर आला. पुढच्या मे महिन्यात एनसीबीनं, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्यानं, आरोपपत्र दाखल केलं, त्यात त्याचं नावच नव्हतं. त्याच्याजवळ काही सापडलंच नव्हतं. धाड तुम्हाला तोंडपाठ, शेवट ठाऊक नाही. गणित अर्ध्यात सोडून कुणी उत्तर ठोकून दिलं तर मी काय देतो? भोपळा. कालच्या तुमच्या नाटकाला तोच.

आणि हा दोष तुमचा एकट्याचा नाही. तुम्ही घरात जे बघितलं तेच स्टेजवर केलंत. सप्टेंबर २०२० आठवतो? देशात दिवसाला नव्वद हजारांवर कोरोनाचे रुग्ण सापडत होते, आणि आपल्या घराघरांतले टीव्ही एका नटीच्या व्हॉट्सॲपवरच्या गप्पा मोठ्यानं वाचून दाखवत होते. ती नटी, रिया चक्रवर्ती, अमली पदार्थांच्या प्रकरणात ८ सप्टेंबरला आत गेली, ७ ऑक्टोबरला तिला जामीन मिळाला. सरकारी बाजूचं म्हणणं असं की नामवंतांना जरा कडकच वागवा, पोरं त्यांचं बघून शिकतात. न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी ते मानलं नाही. कायद्यापुढं सगळे सारखे; मोठ्या माणसाला जशी सवलत नाही, तशी जादाची जबाबदारीही नाही, असं त्यांनी निकालात लिहिलं. नागरिकशास्त्राची चार पानं फाडून टाकली तरी चालतील, एवढं लक्षात ठेवा.

त्याच सप्टेंबरात बेंगळुरूत रागिणी द्विवेदी आणि संजना गलरानी या नट्यांना अटक झाली. आपल्याच राज्यात, कर्नाटकात. आणि त्याच दिवसांत पेपरांत दुसरीही बातमी होती, यादगीर जिल्ह्यातल्या तिंथणीच्या मौनेश्वराची. तिथं जत्रेत गांजा प्रसाद म्हणून वाटतात, लोक भक्तीनं ओढतात. त्या परंपरेला मी नावं ठेवत नाही. पण मोजमाप बघा आपलं! वस्तू तीच, पण बुवाच्या हातात असली की आपलं डोकं त्याच्या पायावर, आणि नटीच्या हातात असल्याची नुसती कुणकुण लागली तरी तोंडावर थुंकायची तयारी. मग तुमचा तो राग नेमका गांजावर आहे की दुसऱ्याच कशावर?

आता उरलेल्यांकडे वळतो. डाव्या रांगेतल्या तुम्हा चौघांकडे. सहल गोव्याला गेली तेव्हा हिरव्या पानाचं चित्र असलेले टी-शर्ट कुणी आणले? मी बघितलंय. तुम्ही शिव्या देणाऱ्यांतले नाही, तुम्ही भक्त. "सर, त्येनं वडलं की ष्टाईल, आमी वडलं की केस!" हे तुमच्यातलाच एक जण परवा जिन्यात म्हणाला. हसू नका. जिन्यातला तो पोरगा कालच्या त्या नाटकापेक्षा शहाणा आहे, फक्त त्याला आपण काय बोललो ते कळलं नाही.

त्या बोटीवरच्या मुलाच्या बाजूनं हायकोर्टात माजी ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी उभे राहिले. तुझ्यासाठी कोण उभा राहील? बाप सोसायटीचं कर्ज काढणार आणि तारखांना खेटे घालणार. ज्याच्यासाठी देशातला सगळ्यात मोठा वकील आला, त्यालाही चार आठवडे आत काढावे लागले, हे विसरू नका. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे. गांजा एक किलोपर्यंत असला तर त्याला कमी प्रमाण म्हणतात, आणि त्या कमी प्रमाणालाही एक वर्षापर्यंत तुरुंग, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. खिशातली पुडी किलोची नसते, म्हणून ती सुटत नाही. पहाटे बायपासवर भरतीसाठी पळणारे निम्मे याच वर्गात बसलेत. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत जायचंय ना? तिथं छाती मोजतात, सोळाशे मीटर पळवतात, आणि मग पोलिसांकडून तुमची माहिती मागवतात.

"कॅनडात चालतंय सर." चालतंय, २०१८ पासून. तिथंही अठराच्या आतल्या पोराला दुकानदार हाकलून देतो. तुझं वय सतरा.

"मग तंबाखू?" हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि निपाणीत तो विचारायला छाती लागते. हे गाव तंबाखूवर उभं राहिलं. १९८१ मध्ये याच तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागे शेतकरी हायवेवर बसले आणि त्यातले काही पोलिसांच्या गोळीनं मेले. तुमच्यातल्या कित्येकांच्या आज्ज्या वखारीत खोकत राबल्या, त्या पैशावर तुमच्या आया शिकल्या. त्या कष्टाचा अपमान मी करणार नाही. पण कष्ट पवित्र म्हणून तंबाखू पवित्र होत नाही. मी स्वतः एकोणीस वर्षं मळली. तास संपला की खडूच्या बोटांनीच चुना लावायचो, आणि वर्गात तुमच्या थोरल्या भावांना व्यसनावर निबंध घालायचो. कालच्या त्या पाहुण्यांना मी हसलो नाही, ते याचसाठी.

आता शेवटचं. काल मी विंगेत उभा होतो. चहाची पूड कागदात भरताना एकाची बोटं मी जवळून बघितली. फार सफाईनं चालली होती. आधी वाटलं, घरी आई विड्या वळते, पोरानं हात उचलला असेल. पण विडीचं पान कातरीनं कापतात, सुताचा दोरा बांधतात, तोंड दुमडून आत दाबतात. या पठ्ठ्यानं कागदाच्या कडेवरून जीभ फिरवली, चिकटवला, आणि टोकाला पीळ दिला. हे निपाणीच्या कुठल्याही घरात कुणी आईकडून शिकत नाही. सगळा हॉल शिट्ट्या मारत होता तेव्हा एवढं एकच खरं त्या स्टेजवर घडत होतं.

त्याचं नाव मी घेणार नाही. हेडसरांना सांगितलेलं नाही, पोलिसांना सांगणार नाही. तुम्हीही मागं वळून एकमेकांची तोंडं बघू नका.

पुण्यात मुक्तांगण म्हणून व्यसन सोडवायची जागा आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ती सुरू केली. पुलंनी पैसे दिले. हो, तेच पुलं, जे आपल्या बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे. तिथं कुणी 'गांजाडी' म्हणून ओरडत नाही.

शनिवारी शाळा सकाळची आहे. दुपारी एक वाजता स्टँडवर ये, वडलांना घेऊन. त्यांच्याशी मी बोलतो. पुण्याची तिन्ही तिकिटं मी काढून ठेवतो.