वेगळे ताट

गेल्या दिवाळीत भाचीच्या ताटात मी करंजी वाढली नाही. चकल्याच तेवढ्या वाढल्या. तिला टाइप १ मधुमेह आहे ना! ती हसून म्हणाली, “मामा, चकलीच्या भाजणीचीही पोटात साखरच होते. मी मोजून खाते आणि त्या मानाने इन्सुलिन घेते.” दंडावरच्या सेन्सरने मोबाइलवर आणलेला साखरेचा आकडाही तिने दाखवला. मी ओशाळलो.

१९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन गवसले. १९२३ मध्ये त्याचे हक्क नाममात्र डॉलरला विद्यापीठाला दिले गेले. त्या शोधाने अशा मुलांना पंगतीत बसवले. माझ्या दयेने मात्र तिचे ताट वेगळे मांडले. न विचारता केलेली दया ही दया की अहंकार?

यंदा मी एवढेच विचारीन, “किती वाढू?”