अंधार ओळखणारं विकर

घट बसून सात-आठ दिवस झाले की देवघरातलं धान वीतभर वर आलेलं असतं. फिकट पिवळं, लांबट, हात लावला तरी लवेल इतकं कोवळं. ऊन नाही म्हणून बिचारं पिवळं पडलं, असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. अंधारातली ही वाढ म्हणजे उपासमार नव्हे, तो रोपाचा बेत आहे. दाण्यातली शिदोरी थोडी, आणि डोक्यावर माती किती आहे ते ठाऊक नाही. म्हणून पानं पसरायची नाहीत, सगळा जोर उंचीवर लावायचा.

हा बेत मोडतोही. अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये जोआन कोरी अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्याशा झाडावर काम करत. त्याचं एक उत्परिवर्तित रोप मिट्ट काळोखातही बुटकं राही आणि त्याची दलं उघडत, उन्हात उगवल्यासारखी. १९९६ साली कारण उलगडलं. ब्रासिनोस्टेरॉइड या संप्रेरकाच्या घडणीतली एक पायरी पार पाडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बिघडलं होतं. आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉनवर काम करणारं विकर त्याचंच नातलग. ते माणसाचं विकर या रोपात घातलं, तर रोप पुन्हा नीट वाढतं!

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. प्रकाश टिपणारी फायटोक्रोम ही प्रथिनं त्या रोपात शाबूत होती, तरीही अंधारात कसं वाढायचं ते त्याला जमेना. अंधार म्हणजे नुसता प्रकाशाचा अभाव असता, तर त्यासाठी वेगळं काही घडवावं लागलं नसतं. पण अंधारातल्या वाढीलाही संप्रेरक लागतं, आणि ते रोपानं स्वतः तयार करावं लागतं.

एवढं होऊनही ते रोप काळोखात हिरवं झालं नाही. हरितद्रव्याच्या घडणीत शेवटाकडची एक पायरी अशा विकराच्या हाती आहे, ज्याला कामासाठी थेट प्रकाशच लागतो. कच्चा रेणू आपल्याशी धरून ते तयार बसतं. किरण पडला की निमिषात रूपांतर होतं. पाइनच्या रोपांत हेच काम अंधारात करणारं दुसरं विकरही असतं, त्यामुळे ती काळोखातही हिरवी होतात. फुलझाडांच्या पूर्वजांनी ते उत्क्रांतीच्या ओघात गमावलं. घटातल्या गहू-ज्वारीकडेही ते नाही.