धर आणि दार

माउलींची पालखी मुक्कामाला पोचली की समाज आरती होते. हजारो टाळ एका लयीत वाजत असतात. चोपदार हातातला दंड वर उचलतो आणि सारा तळ निःशब्द होतो. वारीइतके मराठी दुसरे काय असणार? तरी ही शांतता आणणाऱ्या माणसाचे नाव फारसी आहे. चोब म्हणजे काठी आणि दार म्हणजे बाळगणारा. संस्कृतात तो दंडधर झाला असता.

गंमत अशी, की 'धर' आणि 'दार' मुळात एकाच घरचे. संस्कृत 'धृ' आणि प्राचीन इराणी 'दर्' हा एकच धातू. इराणी शाखेत महाप्राण गळाले, म्हणून इकडे भ्राता तर तिकडे बिरादर, इकडे घर्म तर तिकडे गर्म. बेहिस्तूनच्या डोंगरावर ज्याचा शिलालेख आहे तो सम्राट दारयवहु. त्याच्या नावातही हेच धारण करणे आहे. उलट गाडीवान आणि धनवान जुळे दिसतात, पण त्यांचे नाते नाही. गाडीवानातला 'वान' दरबानातल्या 'बान'चा, म्हणजे राखणाऱ्याचा. धनवानातला संस्कृत 'वत्'चा. प्रत्ययांच्या बाबतीत चेहऱ्यावर विसंबू नये.

'दार' पश्चिमेलाही गेला. तुर्कीत बायराक म्हणजे निशाण आणि बायराक्तार म्हणजे निशाणवाला. 'क'च्या शेजाराने 'द'चा 'त' झाला. आपल्याकडे तो सुभेदार, फौजदार, किल्लेदार अशा हुद्द्यांबरोबर आला. पण शब्द उसना घेणे वेगळे आणि त्याचा तुकडा काढून त्याने नवे घडवणे वेगळे. मराठी माणसाने ठेवीदार केला, समजूतदार केला. मग बाळगण्याचा अर्थ वितळून गुणापुरता उरला: टोकदार, डौलदार, वळणदार अक्षर. 'चांगला-चांगली' बदलते, पण सुरी धारदार आणि कोयताही धारदार. हुद्द्यांना मात्र मराठीने आपला 'ईण' जोडून हवालदारीण, सुभेदारीण केली. माझ्या मते प्रत्यय आपला झाल्याची खरी खूण हीच. तो दरबारातून आला, पण लोकांनी घरात वापरला.

शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, तो फारसी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, महापौर हे त्या चळवळीतले शब्द आज सहज तोंडात बसतात, आणि ते मला मोलाचे वाटतात. नाम बदलता येते, कारण त्याच्या जागी दुसरे नाम ठेवता येते. प्रत्यय उपटायला गेले तर त्याच्या आधाराने उभे असलेले शेकडो शब्द हलतात. 'समजूतदार'ऐवजी काय म्हणणार? 'विवेकी' जवळचा आहे, पण भांडण विकोपाला जाऊ न देणारी थोरली बहीण त्यात येत नाही.

शुद्ध मराठीचा कटाक्ष बाळगणारी सरकारी कागदपत्रेही मतदार यादीच छापतात. मत संस्कृत, दार फारसी, शब्द मराठी. हिंदीत तिथे मतदाता आहे, म्हणजे मत देणारा. त्याचे काम बटण दाबले की संपते. मराठीतला मतदार मत बाळगणारा आहे, आणि मतदान उरकून घरी परतल्यावरही ते त्याच्याजवळच असते.